चौथ्या पायरीवरचे सदाशिवराव

मी भिंतीवरचा फलक बोलतोय. इथले लोक मला चार्ट म्हणतात, सरकारी पत्रात माझं नाव ‘प्रमाणित उपचार पद्धती’ असं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, ईसीजी मशीनच्या वर मी लटकतो. रुग्णालयाचं नाव विचारू नका, मला अजून इथंच राहायचं आहे.

माझा जन्म मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत झाला. हृदयाचा मोठा झटका आला आणि हृदय थकून रक्त पुढे ढकलेनासं झालं, तर गावोगावच्या डॉक्टरांनी एकच रीत पाळावी, म्हणून माझ्यावर सात पायऱ्या लिहिल्या. चौथी पायरी म्हणजे माझा जीव! ‘वरचं बीपी नव्वदच्या खाली, हातपाय गार? जिभेखालची गोळी देऊ नका. मोठ्या रुग्णालयाला आत्ताच फोन करा.’ पुढे नंबर.

छापखान्यात मात्र माझं नशीब फिरलं. आपल्याकडे फोटोशिवाय फ्लेक्स म्हणजे हळदीशिवाय नवरदेव. एकेक करत सहा मान्यवर माझ्या डोक्यावर बसले आणि माझी अक्षरं तिळाएवढी झाली. तरी वाचता येत होती. पण घाईत रुग्णालयाच्या समितीचे सदाशिवराव राहून गेले. उद्घाटनाला त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि हातातला चहा न पिता परत दिला. दुसऱ्याच दिवशी हात जोडलेले सदाशिवराव स्टिकरवर छापून आले आणि नेमके चौथ्या पायरीवर चिकटले.

“खाली अजून लय अक्षरं आहेत ना,” स्टिकर चिकटवणारा शिपाई म्हणाला. मला संताप आला, पण फलकाचं कोण ऐकतं?

पुढे तपासणीला पथकं आली. मी भिंतीवर आहे की नाही एवढं पाहिलं, माझ्यासोबत फोटो काढले आणि गेली. मला वाचलं कुणीच नाही.

मग एका सोमवारी सकाळी तांड्यावरून खेमसिंगला आणलं. छाती धरलेली, घामानं निथळत होता. सोबत बायको धनीबाई.

“गॅस झाला वाटते डॉक्टर,” ती म्हणाली, “सोडा पाजला, पण हातपाय थंडेच पडून राह्यले.”

डॉक्टर अतुल नवीन, नोकरीचा दुसराच आठवडा. पण पोरगा शहाणा, मला वाचत वाचत चालला. ईसीजी काढला, मोठा झटका. बीपी मोजलं, ऐंशी. चौथ्या पायरीवर नजर आली तर तिथं सदाशिवराव हात जोडून उभे! छातीत दुखतंय तर गोळी, एवढं त्याला पाठ होतं. त्यानं गोळी हातात घेतली. मला ओरडावंसं वाटलं. त्या गोळीनं खेमसिंगचं उरलंसुरलं बीपीही गेलं असतं.

“थांबा ना सर,” अर्पिता सिस्टर म्हणाली. “या फोटोखाली काहीतरी लिहून होतं. मी पाहिलं होतं.”

“काय होतं?”

“ते नाही आठवत.”

आणि तिनं सरळ नखानं सदाशिवराव खरवडायला घेतले. आधी टोपी निघाली, मग कपाळ, मग मिशा. माझी कातडी सोलली जात होती, पण खरं सांगतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. अतुलनं वाचलं, गोळी ठेवली आणि फोन लावला. तासाभरात खेमसिंग मोठ्या रुग्णालयात होता. तिथं तयारी झालेली होती, तुंबलेली रक्तवाहिनी लगेच उघडली. तो वाचला.

आठवड्यानं अर्पिताला नोटीस आली: ‘मान्यवरांच्या छायाचित्राची विटंबना केल्याबद्दल खुलासा करावा.’

महिन्यानं खेमसिंगचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि सदाशिवरावांच्या हातात नवं स्टिकर: ते आणि खेमसिंग, दोघं शेजारी. ते माझ्याकडे वळले तसा खेमसिंग खुर्चीवरून उठला.

“नका लावू साहेब. मले वाचता येत नाही, पण सिस्टरले त वाचता आलं पाहिजे. उद्या माह्या भावाले आणलं, त त्याले माह्या थोबाडाखाली मारसान का?”

सदाशिवरावांनी स्टिकर गुंडाळून खिशात घातलं.

आज माझी चौथी पायरी ओरखड्यांनी भरली आहे, नंबरातला खरवडताना पुसट झालेला एक आकडा अर्पितानं पेनानं पुन्हा लिहिला आहे. तिच्या नोटिशीचा निकाल अजून लागायचा आहे. लोकहो, मला हार नको, उद्घाटन नको. तुमच्यातला कुणी घामानं निथळत या खाटेवर येईल, तेव्हा मला फक्त वाचू द्या.