कोरड्या भिंतीला ओली झालेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी सागाची मोजकाठी आहे. लकडगंजच्या धोंडबा सुताराच्या लेकीचे, पंचफुलाचे लग्न झाले, त्या वर्षीचा, म्हणजे १९६१ सालचा, माझा जन्म. धोंडबाने लेकीसाठी पलंग केला. त्यातून उरलेल्या पुरुषभर पट्टीवर खुणा कोरून त्याने मला विमा कंपनीच्या मधुसूदनला दिले.

पूर ओसरला की मधुसूदन घरोघर जाई आणि भिंतीवरच्या गाळाच्या रेघेशी मला उभी धरी. रेघ जितकी उंच, तितकी भरपाई मोठी. काही बायांनी तर मला हळदकुंकू लावले.

पण मोठे पूर लागोपाठ आले. वर्षानुवर्षे हप्त्यांतून कंपनीकडे साठलेले सारे पैसे एका पावसाळ्यात संपू लागले. कंपनीचे साहेब मला पाहिले की तोंड फिरवत.

मग एका उन्हाळ्यात, विम्याआधीच्या पाहणीत, मधुसूदनने मला कोरड्या भिंतीला टेकवले. मी कमरेपर्यंत ओली झाले. गाळाचा वास सुटला. त्या पावसाळ्यात पाणी नेमके तिथवर चढले. पुढच्या वर्षीही तसेच झाले.

साहेब म्हणाले, "काठी भिजेल तिथे पुराचा विमा करायचा नाही. कारण सांगायचे नाही."

१९७९च्या वैशाखात आम्ही नाल्याकाठी पंचफुलाच्या पिठाच्या चक्कीत गेलो. मागच्या खोलीत तो पलंग होता, माझ्याच लाकडाचा. भिंतीला लागताच मी टोकापर्यंत भिजले.

"आगीचा विमा होते, बाई. पुराचा नाही," मधुसूदन म्हणाला.

"काहून गा भाऊ? आमची चक्की जळत नाही, भिजते."

"वरचा हुकूम हाये."

"अन् हे काठी काहून ओली?"

"हाताचा घाम असन."

पंचफुला हसली. "एवढा घाम? पाणी पी गा. मरशीन एखाद्या दिवशी."

तिने तांब्या पुढे केला. तो न पिताच निघाला.

पूर आला. नंतर तिथे मला कुणी नेले नाही. विमाच नव्हता, म्हणून मोजायचे काही नव्हते. साहेबांनी मात्र मला शाबासकी दिली. मधुसूदनने पुन्हा मला हात लावला नाही. ऑफिसच्या कोपऱ्यात माझ्याखालची फरशी अजून अधूनमधून ओली होते. शिपाई ती पुसतो आणि छताकडे पाहतो.

मित्रांनो, पाणी येणार हे ज्याला आधी कळते, त्याने आधी त्या घराला सांगावे. विम्याचे मग पाहावे.

पंचफुला १९७९ सालच्या नागपंचमीला, सकाळी, चक्कीच्या मागच्या खोलीत बुडून वारली.