कुंपणापलीकडची खसखस

गेनोवेफाने खसखशीचं शेवटचं झाड मुळासकट उपटलं, पत्र्याच्या पिंपात कोंबलं आणि वरून बटाट्याच्या साली टाकल्या. कातरल्या कडांची ती फिकट जांभळी फुलं सासूच्या काळापासून या बागेत होती. नाताळच्या केकसाठी खसखस तिने कधी विकत आणली नव्हती. पण लुब्लिन शहरातली पोरं बोंडं उकळून नशा करायला लागली, तेव्हापासून परवान्याशिवाय एक रोपही ठेवायची सोय उरली नव्हती. वरच्या आळीतल्या एका म्हातारीला तर कोर्टात उभं केलं होतं. आणि आज गावात पोलीस आला होता.

त्याची सायकल फाटकाशी आली. गेनोवेफाने पिंपाचं झाकण दाबून धरलं. सायकल पुढे गेली. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सायकल शेजारच्या वालेरियाच्या दारात थांबली.

"आजी, ही काय शेती?"

"शेती कसली, साहेब? आपोआप उगवलंय."

"सगळे हेच सांगतात. बी काय आभाळातून पडलं? कुणाचं ते सांगा, नाहीतर तुमचं नाव लिहितो."

गेनोवेफाने कुंपणाच्या फटीला डोळा लावला. पलीकडच्या चरात तीच जांभळी फुलं डुलत होती. गेल्या वर्षी मरियमच्या सणाला गेनोवेफाने चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेल्या फुलापानांच्या जुडीत या खसखशीची बोंडं होती. पवित्र जुडी कचऱ्यात टाकायची नसते, म्हणून वाळल्यावर तिने ती कुंपणाकडेला चुरडली होती. बाकीचं काम वाऱ्याने केलं.

वालेरियाला हे न कळायला काय झालं? असली फुलं अख्ख्या गावात एकाच घरी. एका बदकावरून दोघींचा अबोला होता. बदक कधीच मेलं, अबोला मात्र धडधाकट. आज एक नाव घेतलं की वालेरियाचं उट्टं निघालं असतं.

"आपोआप उगवलंय म्हटलं ना," वालेरिया म्हणाली. "लिहा माझं नाव."

गेनोवेफाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हात एप्रनला पुसले. झाडं उपटताना लागलेले चिकाचे तपकिरी डाग निघेनात. कोर्टाची भीती होतीच, तरी ती फाटक उघडून शेजारी गेली.

"साहेब, बी माझं आहे." तिने बोटं पुढे केली. "बाकीची झाडं माझ्या पिंपात आहेत."

"तू गप गं!" वालेरिया खेकसली. "तुला कुणी विचारलं?"

इतक्या वर्षांनी तो आवाज आपल्याकडे वळलेला ऐकून गेनोवेफाचे डोळे भरून आले.

पोलिसाने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. "मग नाव कुणाचं लिहू?"

"दोघींचं लिहा," वालेरिया म्हणाली. "कोर्टाकडे जाणारी बस एकच आहे. बरोबर जाऊ."