सोर्स कुठे आहे?

"जाऊ दे" हे दोन शब्द सालोमी डाबरेला लहानपणापासून जमले नाहीत. वसईजवळच्या गासमधल्या तिच्या वाडीत शेजाऱ्याच्या केळीचं पान कुंपणावरून आत आलं, तरी ती त्याला बोलावून दाखवायची. भांडायला नव्हे, नुसतं माहीत असावं म्हणून. अशा बाईने किरणोत्सर्गापासून लोकांना जपायचं काम पत्करलं हे कामगारांचं नशीब, आणि तिच्या हाताखाली शिकणाऱ्यांची पंचाईत.

आखातातल्या एका यार्डात तिने बरीच वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती. तिथे मोठमोठ्या पाइपांच्या वेल्डिंगचे आरपार फोटो काढतात. त्यासाठी किरण फेकणारा, डाळीच्या दाण्याएवढा धातूचा तुकडा लागतो. त्याला म्हणतात सोर्स. तो ज्या जाड, जड पेटीत राहतो तिला म्हणतात कॅमेरा. लांब उभं राहून हँडल फिरवलं की तारेच्या टोकाला अडकवलेला सोर्स नळीतून वेल्डिंगपाशी जातो, आणि काम झालं की उलटं हँडल फिरवून त्याला परत पेटीत घ्यायचं. शिकायला फार वेळ लागत नाही. अडचण एवढीच, की तो परत आला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. ते फक्त हातातल्या मीटरला कळतं. शेजारच्या यार्डात चिपळूणचा सुमेध नावाचा मुलगा मीटर न बघता पुढे गेला होता. सोर्स तारेपासून सुटून नळीतच राहिलेला, आणि याने नळी हाताने उचलली. सालोमी त्याला इस्पितळात भेटायला गेली होती. तो किरणांनी भाजलेला हात बघून ती बाहेर येऊन रडली, आणि डोळे पुसतानाच तिने ठरवलं की आता गावी जाऊन शिकवायचं.

गेली काही वर्षं ती वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, एका दुमजली गाळ्यातल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत होती. केंद्राची संचालिका विनया आचोळ्याची. हुशार, धडपडी, आणि केंद्राचं नाव व्हावं म्हणून रात्रीचा दिवस करणारी. त्या दोघींनी मिळून एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. या धंद्यातल्या माणसाने एका देशात परीक्षा दिली, तर दुसरा देश ती मानत नाही. तिथे पुन्हा फी, पुन्हा परीक्षा, आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं निराळंच. म्हणून सहा देशांतल्या जाणकारांनी एकत्र येऊन एकच अभ्यासक्रम, एकच प्रात्यक्षिक आणि सगळीकडे चालेल असं एकच प्रमाणपत्र ठरवायला घेतलं होतं. सालोमी त्या समितीवर होती. प्रात्यक्षिकाची पहिली चाचणी वसईत घ्यायची असं ठरलं, तेव्हा विनयाने अख्ख्या गाळ्याला रंग काढला.

बाहेरचे परीक्षक म्हणून केनियाहून डॉक्टर म्वांगी आले. उंच, शांत माणूस. आल्या आल्या त्यांनी सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली केळी, मागून घेतली आणि पिशवीभर खाल्ली.

पहिला उमेदवार अर्नाळ्याचा फेबियन. बाप होडीवर, आई ग्लोरिया बोंबील सुकवून विकणारी. पोरगा वेल्डिंगच्या कामात चांगला तयार झालेला, आणि मस्कतच्या एका कंपनीने त्याला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, हे नवं प्रमाणपत्र हातात हवं. घरात बॅग आणून ठेवली होती म्हणे.

परीक्षेला अर्थातच खरा सोर्स नव्हता. त्याच्यासारखाच दिसणारा, निरुपद्रवी डमी होता, आणि मीटरचा काटा म्वांगींच्या हातातल्या रिमोटवर हलायचा. फेबियनने दोरी बांधून जागा अडवली, पाटी लावली, सोर्स बाहेर काढला, वेळ भरल्यावर हँडल उलटं फिरवलं. तार पुरती आत आली तसं हँडल अडलं.

"बंद झाला," तो मोठ्याने म्हणाला, ताठ चालत कॅमेऱ्यापाशी गेला, तिथे पोचल्यावर मीटर वर करून बघितला, आणि कुलूप लावलं.

विनयाने इंग्रजीत सांगितलं तशा म्वांगींनी परीक्षेच्या यादीवर खुणा केल्या. मीटर सोबत घेतला, हो. सोर्स सुरक्षित झाल्याचं जाहीर केलं, हो. मीटरने तपासलं, हो. सगळ्याला हो. विनयाचा चेहरा खुलला. मराठी यादी तिनेच तयार केली होती, आणि सुरक्षित झाल्याचं जाहीर करणे यासाठी 'सोर्स बंद झाल्याचे सांगणे' असं सोपं, सगळ्यांच्या तोंडातलं मराठी लिहिलं होतं.

सालोमी मात्र पेनचं टोपण काढेना.

"फेबियन, काय बंद झालं?"

"सोर्स, टीचर."

"सोर्स बंद होतो?"

फेबियन हसला. "म्हंजे काय टीचर, हँडल आत आनला, झाला बंद. होडीचा इंजिन बंद केला की बंद. आनखी काय पायजे?"

'बंद' हा शब्द सालोमी रोज ऐकत होती. वर्गात, गाळ्यात, चहाच्या टपरीवर. सोर्स बंद कर, सोर्स बंद आहे. तिला कधी खटकला नव्हता. आज खटकला. सोर्स कधीच बंद होत नाही, तो पेटीच्या आत असतो नाहीतर बाहेर. आणि आज त्या शब्दाच्या भरवशावर एक माणूस वीस-पंचवीस पावलं मीटरकडे न बघता चालत गेला होता.

ती म्वांगींकडे वळून हळूच इंग्रजीत म्हणाली, "एकदा पुन्हा. तारेवरून डमी सुटलाय असं धरा. त्याला सांगू नका."

"मॅडम, असं कसं?" विनया तिला बाजूला घेऊन कुजबुजली. "बाकीच्या पाच देशांत असं कोणी करणार आहे का? परीक्षा सगळीकडे एकसारखी, हाच तर सगळा मुद्दा. तुम्ही इथे आपली वेगळी चूल मांडलीत तर उद्या प्रत्येक जण मांडेल. त्याने यादीतलं सगळं केलंय."

विनयाचं चूक नव्हतं, आणि तेच सालोमीला जड जात होतं. ती म्हणाली, "एकसारखी असू दे की. पण सगळीकडे एकसारखी भोकं असून काय उपयोग?"

"चाचणी आहे ना ही?" विनयाचा आक्षेप सालोमीने इंग्रजीत सांगितला तेव्हा म्वांगी म्हणाले. "मग करू."

फेबियनने पुन्हा हँडल फिरवलं. तारेच्या टोकाला काही नसलं तरी हँडल तसंच फिरतं, तसंच अडतं. "बंद झाला." तो निघाला. म्वांगींनी रिमोट दाबला, काटा टोकाला जाऊन टेकला. मीटर फेबियनच्या हातात लोंबत होता आणि नजर कॅमेऱ्यावर होती. नळी ओलांडून तो पेटीपाशी वाकला, मीटर वर केला, आणि तसाच वाकलेला राहिला. खरा सोर्स असता तर काय झालं असतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"तुमची माणसं काय म्हणतात? सोर्स परत आला की?" सालोमीने म्वांगींना विचारलं.

"इमेझिमवा," म्वांगी चटकन म्हणाले आणि हसले. "दिवा विझवला की म्हणतो आम्ही तसं." मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

प्रमाणपत्रावर दोघांची सही लागत होती. सालोमीने केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लोरिया अर्नाळ्याहून थेट तिच्या ओट्यावर आली. बसायला सांगितलं तर बसली नाही.

"सालोमीबाय, यादीत सगला बरोबर केला म्हनतात माज्या पोरानं. मग एका शब्दासाठी अडवला त्याला? कंपनी थांबनार हाय का?"

"नाही थांबणार, ग्लोरिया. मला माहीत आहे."

"मग?"

"मग तो तिकडे गेला असता आणि हात गमावून आला असता, तर तू मला विचारलं असतंस, टीचर, तुम्ही बघितलं नव्हतं का? मी बघितलंय. म्हणून सही नाही केली."

"तुमचा काय जातो," ग्लोरिया म्हणाली आणि निघून गेली. सालोमीला ते लागलं. दिवसभर तिचं जेवणात लक्ष लागेना, पण सहीचा विचार काही तिने बदलला नाही. आठवड्याभरात मस्कतच्या कंपनीने दुसरा माणूस घेतला. निर्मळच्या जत्रेत ग्लोरिया समोरून आली आणि तोंड फिरवून गेली.

समितीची बैठक ऑनलाइन होती. सालोमीने 'बंद' या शब्दाबद्दलचं म्हणणं मांडलं आणि अपेक्षेप्रमाणे थंड पाणी ओतलं गेलं. एक सभासद म्हणाले, हा भाषेचा प्रश्न आहे, किरणोत्सर्गाचा नाही. दुसरे म्हणाले, आमची माणसं पदवीधर आहेत, ती असं करत नाहीत. तिसऱ्या बाईंना घाई होती, मसुदा पुढे पाठवायचा होता.

"मी मसुदा अडवत नाही," सालोमी म्हणाली. "एकच विनंती आहे. उद्या आपापल्या यार्डात जा, आणि तुमच्या माणसांना त्यांच्या घरच्या भाषेत विचारा, सोर्स परत आला की काय म्हणता. पदवीधरांनासुद्धा. जो शब्द येईल तो मला कळवा. एका जरी देशात 'बंद'पेक्षा वेगळ्या अर्थाचा शब्द निघाला तर मी गप्प बसेन."

शब्द यायला लागले. एका देशात नळ बंद करतात तसा, एकीकडे दुकान बंद करतात तसा, एकीकडे इंजिन. पदवीधरवाल्या सभासदांचा सगळ्यात उशिरा आला, आणि तोही दिव्याचाच निघाला. खाली त्यांनी लिहिलं होतं, मी स्वतःही असंच म्हणतो. सहा देशांची परीक्षा एक करायला निघालेल्या या मंडळींना आपली चूक आधीपासूनच एक आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

यादी बदलली. 'सुरक्षित झाल्याचे जाहीर करणे' हे कलम गेलं. त्या जागी आलं, पाऊल उचलण्याआधी मीटर वाचून, आकडा मोठ्याने सांगून, सोर्स कुठे आहे ते उमेदवाराने आपल्या भाषेत सांगावं. आत की बाहेर. मराठी कलम विनयाने लिहिलं, आणि सालोमीने त्यात एक अक्षर बदललं नाही. "बघा, या वेळी पास झाले मी," विनया म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी दोघी हसल्या.

फेबियन परत येईल असं सालोमीला वाटलं नव्हतं. नोकरी तर गेलीच होती. पण तो आला, वर्गात मागच्या बाकावर बसायला लागला, आणि दोन-तीन दिवसांनी पुढच्या. सोर्सला कोणी बंद म्हटलं की तो मान वळवून बघायचा.

म्वांगी पुन्हा आले तेव्हा पुन्हा पहिला नंबर त्याचाच लागला. दोरी बांधली, पाटी लागली, सोर्स बाहेर गेला. हँडल उलटं फिरलं आणि अडलं. फेबियनने मीटर दोन्ही हातांनी छातीसमोर धरला, एक पाऊल टाकलं, आणि थांबला. काटा टोकाला होता.

त्याने आकडा वाचला. "सोर्स बाहेर हाय. नलीत. मी पुढं जानार नाय."

"बरोबर," सालोमी म्हणाली. तिच्या दृष्टीने परीक्षा संपली होती. ती दोरी उचलून आत शिरली आणि डमी गोळा करायला नळीकडे निघाली.

"टीचर, मागं व्हा!"

गाळ्यातली माणसं दचकली. सालोमी वळली. "अरे, डमी आहे तो."

"मीटर बाहेर दाखवतंय." फेबियन मीटर छातीशी तसाच धरून उभा होता. "दोरीच्या आत कोन जानार नाय. तुमीपन नाय. मागं व्हा टीचर."

म्वांगींना मराठी येत नव्हतं. त्यांनी रिमोट खिशात घातला आणि ते दोरीपासून दोन पावलं मागे सरले.

मग सालोमीही आली, दोरीखालून वाकून, आणि फेबियनने सांगितलं तिथे जाऊन उभी राहिली.