पाळणाघरावरची तुळई

मी एक जुनी लाकडी तुळई आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे.

तुळई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एखादा जाडजूड चौकोनी ओंडका येईल. मी तशी नाही. वर लाकडाची एक पट्टी, खाली एक पट्टी आणि दोघींच्या मध्ये उभी बसवलेली पातळ फळी, एवढंच माझं अंग. मी कुठल्या एका झाडाची लेकही नाही. माझ्या पट्ट्या एका झाडाच्या, तर मधली फळी भलत्याच झाडांच्या कपच्या डिंकात घोळवून, तापवून, दाबून केलेली. दोन माणसं मला खांद्यावर टाकतात आणि गप्पा मारत जिना चढतात, इतकी मी हलकी.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच मला भीतीची ओळख झाली. माझ्याच खेपेतली एक तुळई त्यांनी दोन टेकूंवर आडवी ठेवली आणि तिच्यावर वजन चढवत नेलं. ती आधी वाकली, मग कण्हली. मग तिची खालची पट्टी ताणली जाऊन तुटली आणि तो आवाज छपराला जाऊन आदळला. तपासणी करणाऱ्या बाई खूश होऊन म्हणाल्या, "वा! ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त तोललं हिने!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या होतो. आमच्यापैकी कुणालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत.

त्या दिवशी मला कळलं, की वरून भार आला की आमची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खालची पट्टी हा आमचा प्राण. म्हणून तर आमच्या फळीवर लाल अक्षरांत छापलेलं असतं, 'पट्ट्या कापू नका. भोक पाडायचं तर मधल्या फळीत, खुणेपाशीच.' ती अक्षरं पाहून मला जरा धीर आला. वाटलं, माणसं वाचतात. वाचल्यावर ऐकतील.

मला आणि माझ्याच खेपेतल्या काहीजणींना एका दुमजली घरात शेजारी शेजारी बसवलं. माझी दोन्ही टोकं दोन भिंतींवर, खाली एक मोठी खोली आणि वर एक. आमच्याकडे पाहून गवंडी हसला. "ही तुळई आहे का पुठ्ठा?" आम्हांला जागच्या जागी पक्कं केल्यावर सुतार सरळ वर चढला आणि आमच्यावर उड्या मारू लागला. गवंड्याला म्हणाला, "ये, तूही ये वर. मग हस." दोघं मिळून उड्या मारत होते आणि मी जीव मुठीत धरून होते. पण मोडले नाही. मोडले नाही याचं मलाच जास्त नवल वाटलं.

मग घरात माणसं आली. शाळेची बस चालवणारा एक गृहस्थ, त्याची बायको, त्यांची मुलगी बिट्टी आणि गृहस्थाची थोरली बहीण. तिला सगळेच आत्या म्हणत, कारण खालच्या खोलीत ती पाळणाघर चालवायची. आईवडील कामाला गेलेली इवलीइवली मुलं दिवसभर तिच्यापाशी असत. दुपारी जेवून ती माझ्या अगदी खाली सतरंज्यांवर आडवी होत. वरच्या खोलीत बिट्टी दिवसभर नाचे, दोरीवरच्या उड्या मारे. एकदा एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "काय हो, तुमची वरची जमीन जराही वाजत नाही!" आत्या हसून म्हणाली, "वाजली तर माझी पोरं झोपायची कशी?" मित्रांनो, ते माझं कौतुक होतं. तेवढ्यावर मी कितीतरी वर्षं समाधानात काढली.

पण बिट्टी आजारी पडली. ताप उतरला आणि जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. तिला चाकांच्या खुर्चीत बसावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज कोमट पाण्यात बसवून पायांचा व्यायाम करवून घ्या, पाय परत येतील. तिच्या वडिलांनी कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातून लोखंडी टब आणला. पंजांसारखे पाय असलेला, पांढरा, भला थोरला. तो वर चढवताना हमालांना जिन्यात बसून दम खावा लागला. माझ्यावरच्या खोलीचं न्हाणीघर करायचं ठरलं होतं.

प्लंबर आला. त्याने जमिनीच्या फळ्या उचकल्या आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच माझ्यावर उजेड पडला. पाणी वाहून नेणारा पाइप मला ओलांडून पलीकडच्या भिंतीशी न्यायचा होता, आणि उतार मिळायला तो खालच्या अंगानेच जायला हवा होता.

"टब वीतभर सरकवला तर पाइप हिच्या पलीकडेच उतरेल," प्लंबर म्हणाला.

"मग दार पुरतं उघडणार नाही. पोरीची खुर्ची आत यायची कशी?" बिट्टीच्या वडिलांनी विचारलं.

प्लंबर वाकला. त्याची नजर माझ्या लाल अक्षरांवर आली आणि थांबली. "इथे काहीतरी लिहिलंय, साहेब. कापू नका म्हणतात."

बिट्टीच्या वडिलांनी वाकून पाहिलंही नाही. त्यांना बस घेऊन निघायचं होतं. "अहो, असं सगळ्यावरच लिहिलेलं असतं. दोन बोटं कापल्याने काय आभाळ कोसळणार आहे? आज काम पुरं करा. पोरगी आशेने बसलीये."

मित्रांनो, मी त्यांना वाईट म्हणत नाही. लेकीच्या पायांपुढे त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. पण करवत माझ्या खालच्या पट्टीला लागली तेव्हा मला त्या टेकूंवरच्या तुळईचा आवाज पुन्हा ऐकू आला. निम्मी पट्टी कापली गेली. खाचेत पाइप बसला. वरून फळ्या ठोकल्या, फरश्या बसल्या, आणि पुन्हा अंधार झाला.

त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली ती थांबली नाही.

टब भरला की माझ्या खाचेशी उरलेलं लाकूड चरचर ताणलं जाई. टब रिकामा झाला की सुटे, पण पूर्वीच्या जागी येत नसे. दरवेळी केसभर मी खालीच राही. शेजारच्या दोघी तुळयांनी होईल तेवढा भार आपल्या अंगावर घेतला, पण त्यांनाही मर्यादा होती. त्यातच पाइपच्या जोडातून थेंब थेंब पाणी झिरपू लागलं. माझी मधली फळी त्या ओलीने फुगली, तिच्या कपच्या सुट्या होऊ लागल्या.

आणि खाली मुलं झोपत. त्यांच्या श्वासांची ऊब छताच्या पातळ फळीतून माझ्यापर्यंत पोहोचे. कुणी झोपेत हसे, कुणी नाक सुरसुर करी. वरती नळ सोडल्याचा आवाज आला की मी मनात म्हणे, आज नको. आज नको. मला ओरडता येत नव्हतं. माझ्यापाशी एकच आवाज होता, कर्र, टक, कर्र. तो मी काढला.

"वन्सं, छतात उंदीर झालेत वाटतं," बिट्टीची आई म्हणाली.

त्यांनी छताच्या कोपऱ्यातली झडप उघडून पिंजरा लावला. मित्रांनो, मी मदत मागत होते आणि त्यांनी पिंजरा लावला!

आत्याला मात्र काहीतरी खटकत होतं. भिंतीशी एक उंच कपाट होतं. कपाट आणि छत यांच्या फटीत ती सतरंज्यांच्या घड्या सरकवून ठेवायची. एके सकाळी घडी आत जाईना. तिने ढकललं, धपाटा मारला, मग कमरेवर हात ठेवून वर पाहिलं.

"अरे, कपाट उंच झालं का छत खाली आलं?" तिने भावाला विचारलं.

"ताई, तुझ्या सतरंज्याच पोट सुटून बसल्यात," तो हसून म्हणाला आणि बसची किल्ली घेऊन निघून गेला. आत्याही हसली. पण हसताना तिची नजर छतावरच होती. त्या दिवशी तिने मुलांच्या सतरंज्या जराशा खिडकीकडे ओढून घातल्या. सगळ्या मावल्या नाहीत. दोन-तीन माझ्याखालीच राहिल्या.

अखेर ती दुपार आली. मुलं झोपली होती. आत्या दाराशी बसून कुणाचीतरी सुटलेली बटणं लावत होती. वर टब काठोकाठ भरला होता आणि आई बिट्टीचे पाय पाण्यात वरखाली करत होती. व्यायाम झाला तशी बिट्टी मागे रेलली. तिचे कान पाण्याखाली गेले.

माझी उरलीसुरली पट्टी तेव्हाच धागा धागा तुटू लागली होती. बाहेर कुणाला ऐकू जाण्याइतका तो आवाज मोठा नव्हता. पण लोखंडातून आणि पाण्यातून तो थेट बिट्टीच्या कानात गेला. ती दचकून उठून बसली.

"आई, खाली काहीतरी तुटतंय."

"उंदीर असतील गं."

"उंदीर नाहीत! तू कान लाव. लाव ना!"

आईने टबाच्या काठाला कान लावला. तिलाही ते ऐकू आलं. मग तिने पाण्याकडे पाहिलं. एका बाजूला पाणी काठाला टेकलं होतं आणि दुसऱ्या बाजूला काठापासून चांगलं खाली होतं. टब कलला होता.

तिने बूच उपटलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "वन्सं! पोरांना बाहेर काढा! छत येतंय खाली, आधी पोरांना काढा!"

आत्याने कसं, का, काही विचारलं नाही. तिने दोन मुलं काखेत मारली, एकाला पायानेच हलवून उठवलं, "चला रे, पळा, अंगणात पळा!" मुलं रडत, डोळे चोळत पळाली. वर आई बिट्टीला उचलत होती. भिजलेलं अंग हातातून निसटत होतं. "माझ्या गळ्याला घट्ट धर. घट्ट!" ती भिंतीच्या कडेकडेने, एकेक पाऊल चाचपत दाराकडे सरकली. तिचं प्रत्येक पाऊल मला कळत होतं. पाणी घळघळ वाहून जात होतं, पण टब अजून निम्मा भरलेला होता. मी धरून होते. कशाने धरून होते ते मला आजही सांगता येणार नाही. पट्टी जवळजवळ गेलीच होती, फळी फाटत होती, आणि माझ्या मनात एकच होतं, अजून थोडं.

अंगणातून आत्याचा आवाज आला, "गुंड्या कुठाय?"

गुंड्या सगळ्यात लहान. तो झोपेत लोळत लोळत कपाटाच्या आडोशाला गेला होता, आणि कुणालाच दिसला नव्हता. तो माझ्या बरोबर खाली होता.

आत्या आत धावली. मला तिची पावलं ऐकू आली, आणि मित्रांनो, आयुष्यात मला तेवढी भीती कधीच वाटली नाही. तिने त्याचा पाय धरून त्याला ओढलं, छातीशी घेतलं आणि वळली. ती उंबऱ्याशी पोहोचली आणि मी मोडले.

छताच्या फळ्या कोसळल्या. त्यातली एक आत्याच्या खांद्यावर बसली. टबाचा एक पाय जमिनीतून खाली आला आणि तिथेच अडकला, कारण शेजारच्या दोघींनी दात-ओठ खाऊन त्याला तोलून धरलं होतं. सतरंज्यांवर गढूळ पाणी आणि चुना पडत राहिला. गुंड्या तेवढ्यात जागा झाला आणि त्याने विचारलं, "आत्या, खाऊची वेळ झाली?"

आत्या अंगणात बसली आणि एकदम रडू लागली. बिट्टीला खाली घेऊन आलेली आई तिच्या शेजारी बसली. दोघींनी एकमेकींना धरूनच मुलं पुन्हा पुन्हा मोजली.

संध्याकाळी बिट्टीचे वडील आले. त्यांनी सतरंज्या पाहिल्या, वरून लोंबणारी मी पाहिली, आणि ते दारातच खाली बसले. प्लंबरलाही बोलावलं होतं. तो खालून माझ्या खाचेकडे बघत राहिला. आत्याने गळ्यात अडकवलेला हात सावरत दोघांना विचारलं, "लिहिलेलं वाचलं होतंत ना?"

"वाचलं होतं," प्लंबर हळूच म्हणाला.

"मीच म्हटलं कापा म्हणून," वडील म्हणाले. "त्यांनी विचारलं होतं. मी पाहिलंही नाही."

सुताराने खालून खांबांचे टेकू दिले. मला काढून टाकायचं तर भिंती फोडाव्या लागल्या असत्या. म्हणून त्याने माझ्या दोन्ही बाजूंना दोन नव्या तुळया घातल्या आणि मला त्यांच्या मध्ये आवळून बोल्ट मारले. आता भार त्या वाहतात. मी नुसती त्यांच्या आधाराने असते. टब खाली, मागच्या पडवीत पक्क्या जमिनीवर गेला. बिट्टी आता भिंत धरून चालते. वरच्या खोलीत तिची पावलं अडखळत पडतात, तेव्हा नव्या दोघींना गंमत वाटते. मला मात्र धडकी भरते. ती पडली तर, हीच माझी आताची भीती.

सुतार छत झाकायला लागला तेव्हा आत्या म्हणाली, "सगळं बंद करू नका. इथे उघडता येईल अशी झडप ठेवा. डोक्यावर काय चाललंय ते मला दिसू दे."

मित्रांनो, तुमच्याही डोक्यावर माझ्यासारखी कुणीतरी असेल. ती हलकी असेल, झाकलेली असेल, तुम्ही तिला कधी पाहिलंही नसेल. तिच्यावर काही लिहिलं असेल तर वाचा, आणि वाचलंत तर ऐका. कापायच्या आधी थांबा, वस्तू वीतभर सरकवून पाहा. घर करकरलं तर हसण्यावारी नेऊ नका. आम्हांला बोलता येत नाही. मोडण्याआधी आम्ही जेवढं सांगू शकतो, तेवढं सगळं त्या करकर आवाजात असतं.

दुपारी मुलांना निजवण्याआधी आत्या स्टुलावर चढते, झडप उघडते आणि दिव्याच्या उजेडात माझ्यावरून हात फिरवते. कुठे ओल नाही ना, ते चाचपते. मग मुलांना जाग येऊ नये अशा आवाजात विचारते, "काय गं, बरी आहेस ना?"

मी गप्प राहते. तिला तेच उत्तर हवं असतं.