कानावरचे केस

“झिजलाय कुठे? नीट बघा,” म्हणत भिंगवाल्यांनी चांदीचा जुना डॉलर दिव्याखाली कलता धरला. “छापताना दाब कमी पडला, म्हणून यावरच्या बाईच्या कानावरचे केस उमटलेच नाहीत. पण चकाकी बघा, सपाट भागावरूनही न अडखळता फिरतेय. माणसाचा हात फिरला असता तर आधी तीच गेली असती.”

गिऱ्हाइकाने भिंगाला आधी एक डोळा लावला, मग दुसरा. सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि ‘विचार करून येतो’ म्हणत काढता पाय घेतला. विचार करायला गेलेली माणसं परत येत नाहीत, हे भिंगवाल्यांना तीस वर्षांत पाठ झालं होतं. जुन्या नाण्यांच्या त्या चिंचोळ्या दुकानात ते पारखी होते. स्वतःच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली त्यांना दिसत नसत, पण नाण्यावरचा बारीकसा ओरखडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांची थोरली बहीण बसली होती. मघापासून ती सगळं कान देऊन ऐकत होती.

“आता माझं बघ,” ताई म्हणाली आणि तिने पर्समधून मखमलीची चिमुकली पिशवी काढली.

भिंगवाल्यांनी ती पिशवी लगेच ओळखली. बाबा खलाशी म्हणून बोटीवर गेले तेव्हा भिंगवाले चार वर्षांचे होते, ताई नऊची. सहा वर्षांत पत्रं आली तीन. मग बाबांऐवजी त्यांची पेटी आली. तीत दाढीचं सामान होतं, दोन सदरे होते आणि हा डॉलर होता, कानावरचे केस पार सपाट झालेला. आईने तो एकदा निरखून पाहिला आणि सांगून टाकलं, “तुमची आठवण आली की यावर अंगठा फिरवत असणार.” त्या एका वाक्यावर दोन मुलं वाढली. त्या नाण्यापायीच भिंगवाले या धंद्यात आले, आणि धंदा कळू लागल्यापासून ते नाणं पाहायचं मात्र टाळत आले.

“राहू दे ना, ताई. चहा सांगतो.”

“चहाला नाही आले मी. आई गेल्यापासून माझ्या कपाटात पडलंय हे. बाबांनी अंगठा फिरवला होता का, एवढंच सांग. आणि माझी समजूत घालायची नाही, काय?”

त्यांनी डॉलर कडेने धरला आणि हळूच कलता केला. उजेड गालावरून निघाला, कानावरून गेला, थेट काठापर्यंत पोचला. कुठेही अडला नाही. त्यांनी पुन्हा कलता केला, मग आणखी एकदा. कुठेतरी अंगठ्याएवढा निस्तेज डाग निघावा म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. साठीला टेकलेल्या त्या माणसाला त्या घडीला फक्त आपले बाबा हवे होते.

“ठसाच कमजोर आहे,” ते कसेबसे म्हणाले.

“म्हणजे बाबांनी...”

“नाही फिरवला.”

ताई दाराबाहेर पाहत राहिली. मग तिने विचारलं, “आणि आईनं? आपल्याला कधी हात लावू दिला नाही तिनं. बाबांचा हात पुसला जाईल म्हणायची. मला आपलं वाटायचं, आपण शाळेत गेलो की ती एकटीच फिरवत असेल.”

भिंगवाल्यांनी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. या खेपेला बराच वेळ लागला.

“नाही ताई. तिनंही नाही. एकदासुद्धा नाही.”

मग मात्र ताईला रडू आवरेना. बाबांचं तिला काही वाटलं नाही, रडू आलं ते आईसाठी. नवऱ्याने कधी न केलेला स्पर्श ती बाई जन्मभर जपत आली होती, आपलं बोटही लागू न देता. भिंगवाले चष्मा पुसत बसले, पण पुसून काही उपयोग होईना.

बऱ्याच वेळाने त्यांनी डॉलर पिशवीवर ठेवून ताईपुढे सरकवला.

“लाव हात.”

“अरे, खराब होईल ना?”

“होऊ दे.”

ताईने अंगठा त्या चेहऱ्यावर टेकवला, जिथे केस असायला हवे होते तिथेच. कितीतरी वेळ तिने तो हलवला नाही.

“गार आहे रे,” ती म्हणाली.