कारभारी बदलला, रक्तपेढीला कळलंच नाही

भरदुपारी इस्पितळाच्या तळघरात थोरला बसला. बसला म्हणजे मेलाच म्हणा. थोरला आणि धाकटा हे दोन सर्व्हर. सगळ्या रोग्यांच्या नोंदी दोघांकडेही, पण कारभार एकाच्याच हाती. एकानं मान टाकली की दुसऱ्यानं गुमान तो उचलायचा, अशी रीत लावलेली. वरच्या मजल्यांवरच्या संगणकांनी नुसती 'कारभारी' म्हणून हाक मारायची. आज कारभार कुणाच्या घरी आहे, तो पत्ता नावांचा सर्व्हर सांगणार.

धाकट्यानं कारभार उचलला. औषधांची खिडकी चालू झाली, तपासणीच्या खोल्या चालू झाल्या. रक्तपेढी मात्र आंधळी ती आंधळीच.

आणि त्याच रक्तपेढीतल्या दोन पिशव्यांवर सूनबाईच्या नणंदेचा जीव टांगलेला.

सूनबाई म्हणजे या सर्व्हरांची राखणदारीण. नणंद सकाळी इथंच बाळंत झाली, बाळ टाहो फोडून रडलं, पण आईचं रक्त थांबेना. त्या घराण्याचं रक्तही तसलंच आडमुठं, कुणाशी सहज जुळायचं नाही. पिशव्या आधीच जुळवून राखून ठेवलेल्या. कुठल्या, ते फक्त नोंदीत.

"नोंद दिसल्याशिवाय पिशवी हलायची नाही, मॅडम," रक्तपेढीच्या बाई फोनवर म्हणाल्या. "चुकीची गेली तर रक्ताचं विष होईल. नव्यानं जुळवायला घेतलंय, पण पेशंटकडे तेवढा वेळ आहे का?"

सूनबाई फोन ठेवते न ठेवते तोच सासूबाईंचा आला.

"इथं माझी पोर पांढरी पडत चाललीय, आणि तू खाली डबडी कुरवाळत बसलीयस?"

"आई, त्या डबड्यातच तिच्या रक्ताची..."

"मला शिकवू नकोस! माणसापेक्षा मशीन सख्खं झालं तुला. वर ये."

सूनबाईनं ओठ चावला आणि फोन पालथा घातला.

तिचे साहेब मागं येरझाऱ्या घालत होते. "थोरल्याला उठवा. रक्तपेढी अजून त्यालाच शोधत असणार, तर मिळू दे तिला थोरला."

"त्याची डिस्क सडलीय, साहेब. अर्धवट नोंद दाखवली आणि भलतीच पिशवी गेली तर? शिवाय घरात दोन कारभारी होतील. हा एक लिहील, तो दुसरं."

"आत तुमची नणंद आहे ना?"

"म्हणूनच नको म्हणतेय."

तिनं नावांच्या सर्व्हरला विचारलं. त्यानं धाकट्याचाच पत्ता दिला, शेवटी बारा. खोटं बोलत नव्हता बिचारा. रक्तपेढीच्या बाईंकडून संगणक बंद करून चालू करवला, जुने लक्षात राहिलेले पत्ते पुसायला लावले. ढिम्म! देवाला हात जोडावे तर हात मोकळे कुठं होते.

"बाई, काळ्या खिडकीत पिंग कारभारी असं लिहा. पत्ता काय येतो?"

"शेवटी अकरा."

अकरा म्हणजे थोरला. मेलेला.

"सगळं गाव बारा सांगतंय, मग याच्या कानात अकरा कोण भरवतंय?" ती जवळजवळ ओरडली.

तारा सांभाळणारा कोपऱ्यातून चाचरत म्हणाला, "अण्णा तर नसतील?"

अण्णा तिच्या आधीचे, केव्हाच निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा, पण नावांच्या सर्व्हरवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. मोलाच्या यंत्रात ते पत्ता स्वतःच्या हातानं लिहून ठेवत. म्हणत, दर वेळी शेजाऱ्याला काय विचारायचं, आपलं गाठीला बांधलेलं बरं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! यंत्र आधी स्वतःच्या पोटातली पत्त्यांची यादी, म्हणजे होस्ट्स फाइल, वाचतं आणि मगच बाहेर विचारतं. त्या फाइलला हात लावायची किल्ली बाईंकडे नव्हती. सूनबाई जिन्यावरून रक्तपेढीकडे धावत सुटली. एक चप्पल मागं राहिली, ती राहिलीच.

फाइल उघडली. अण्णांची ओळ तिथं ऐसपैस बसलेली. पासवर्ड पहिल्यांदा चुकला. पुन्हा टाकला, ओळ खोडली. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि नणंदेचं नाव उमटलं. बाईंनी दोन्ही पिशव्या काढल्या, दोनदा ताडून पाहिल्या आणि शिपायाच्या हाती दिल्या. तो लिफ्टची वाट न बघता पळाला, मागोमाग ही.

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडलं, पिशव्या आत गेल्या, दार मिटलं.

बाकावर सासूबाई. लेकीची ओढणी मुठीत आवळलेली. त्यांनी सुनेचा एक अनवाणी पाय पाहिला, घामेजलेलं तोंड पाहिलं. आता तोफ सुटणार म्हणून तिनं मान खाली घातली.

"ऐकलं मशीननं तुझं?"

"ऐकलं, आई."

सासूबाई बाकावर थोड्या सरकल्या. मिटलेल्या दारावरची नजर मात्र काढली नाही.

"आता माझ्या पोरीनं ऐकावं," त्या म्हणाल्या.