जागेवरचे अकरा किलोमीटर

वर्कशॉपच्या मागे, पाण्याच्या टाकीआड, ती मोटरसायकल मेन स्टँडवर उभी होती आणि तिचं मागचं चाक हवेत फिरत होतं. समोर विटांची भिंत. ट्रायलमामा हँडल धरून शेजारी उभे होते. एक डोळा मीटरवर, दुसरा टाकीच्या कोपऱ्यावर. जेवणाची सुट्टी संपायला बारा मिनिटं होती आणि मीटरवर अजून पाच किलोमीटर व्हायचे होते.

या गाडीच्या मीटरचा आकडा मागच्या चाकावर पळतो, हे मामांना कुणी शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं एकाच कामात गेली की चांगल्या गोष्टींबरोबर असल्याही गोष्टी माणसाला कळतात.

त्यांचं काम म्हणजे ट्रायल. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी बायपासवरून टेकडीला वळसा घालून आणायची, नेमके अकरा किलोमीटर, आणि मग चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीत ‘ठीक आहे’ हे शब्द चालत नसत. जुन्या मालकांचा तसा दंडकच होता. ठीक आहे असं डॉक्टरही सांगतो आणि पेशंट संध्याकाळी जातो, असं ते म्हणायचे. गाडी तुला काय म्हणाली ते लिही. जुने मालक गेले, त्यांचा मुलगा काचेच्या केबिनमध्ये बसू लागला, पण चिठ्ठी तशीच राहिली. गिऱ्हाईक आधी चिठ्ठी वाचायचं आणि मग किल्ली घ्यायचं. मामांपेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना मामा म्हणत, ते या चिठ्ठीमुळेच.

दोन महिन्यांपूर्वी अशीच एक मोठी गाडी मामांच्या अंगावर पडली होती. लांबच्या प्रवासाची, दगडधोंड्यांतून जाणारी, अडीचशे किलोंची. सीट मामांच्या कमरेच्या वर, आणि पाय टेकायचे ते चवड्यांवर, तेही एका वेळी एकच. आजवर कसबावर निभावलं होतं. त्या दिवशी टेकडीच्या चढावर वळताना इंजिन बंद पडलं, मामांनी उजवा पाय खाली टाकला, आणि जिथे जमीन असायला हवी होती तिथे ती नव्हती. गाडी सावकाश कलली. सावकाश कलली हेच वाईट, कारण सगळं कळत होतं. पाय खाली अडकला, तापलेलं इंजिन पोटरीला चिकटलं, पेट्रोलचा वास यायला लागला आणि वळणापलीकडून ट्रक येत असल्याचा आवाज आला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला तेव्हा बंपर हाताच्या अंतरावर होता. त्याने गाडी उचलली, मामांना पाणी पाजलं आणि तो निघून गेला.

मामांनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. इंजिनच्या गार्डवरचा ओरखडा घासून काढला, पोटरी भाजल्याचं फक्त बायकोला ठाऊक. लहान गाड्या ते अजून चालवत होते. पण मोठी गाडी समोर आली की हात घामेजायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; मामांनी तर ताकाचं नावच टाकलं होतं. तीन मोठ्या गाड्या त्यांनी अशाच भिंतीसमोर उभ्या उभ्या पळवल्या होत्या. ही चौथी.

अकरा झाले. त्यांनी इंजिन बंद केलं आणि टाकीच्या कठड्यावर बसून चिठ्ठी लिहिली. शेकडो गाड्या अंगात मुरलेल्या, त्यामुळे लिहायला जड गेलं नाही. “चढावर गाडी हाक मारायच्या आत पुढे जाते. नव्वदला हँडल मुठीत धरावं लागत नाही, नुसता हात ठेवावा. मागे कुणी बसलंय हे उतरल्यावर आठवेल.”

पाच वाजता गाडीची मालकीण आली. भूगोलाच्या बाई, पन्नाशीच्या, मामांहून वीतभर उंच. दर वेळची चिठ्ठी त्या पेपर तपासल्यासारखी वाचायच्या आणि घरी फाईलला लावायच्या. आज त्यांनी ती दोनदा वाचली.

“मामा, ही तुमची आजवरची सगळ्यात चांगली चिठ्ठी,” त्या म्हणाल्या. “लेक मागे लागली होती, मलाही ने म्हणून. तीन आठवड्यांचा प्रवास, घाटरस्ते, माझं मन होत नव्हतं. आता नेते. उद्या सहाला निघतो.”

केबिनमधून मालक बघत होता. मामा काहीतरी हसल्यासारखं करून म्हणाले, सावकाश जा. बाई ऐटीत पाय टाकून बसल्या आणि गेल्या.

घरी त्यांना जेवण जाईना. बायको समोर बसून बघत होती. तिने विचारलं, की आज कुठली गाडी होती. तिला सगळं कळत असे, फक्त ती वाट पाहायची. मामांनी भिंत, टाकी, चाक सगळं सांगितलं.

“अहो, या गाडीत नवीन काय बसवलंय?”

“हँडलचं बेअरिंग.”

“आणि ते चालवल्याशिवाय कळतं का?”

मामांनी ताट बाजूला सरकवलं. कळत नाही. नवीन बेअरिंग बसताना कधी कधी ढिलं होतं आणि जागेवर हलवून पाहिलं तर पत्ताही लागत नाही. एकतीस वर्षांत हे त्यांनीच दहा जणांना शिकवलं होतं. भीती आतापर्यंत पायात होती, ती आता छातीत चढली. बाईंचा नंबर वर्कशॉपच्या रजिस्टरमध्ये कुलपात, पण घर माहीत होतं.

सकाळी साडेपाचला ते बाईंच्या फाटकाशी हजर झाले. गाडी बाहेर काढलेली, दोन्ही बाजूंचे डबे सामानाने भरलेले. लेक बुटांच्या नाड्या बांधत होती. मामा म्हणाले, एक फेरी राहिलीय, भरलेल्या डब्यांनिशी बघायची आहे. बाईंना नवल वाटलं, पण त्यांनी किल्ली दिली.

मामांनी गाडी फुटपाथच्या कडेला घेऊन, दगडावर पाय ठेवून चढायची युक्ती केली. क्लच सोडला आणि गाडी निघाली, एवढी अलगद, की मामांना तिचा रागच आला. उंचावरून कंपाउंडच्या भिंतींपलीकडची अंगणं दिसत होती. काचेमुळे वारा डोक्यावरून जात होता. चढावर ती खरोखरच हाक मारायच्या आत पुढे गेली. घाबरलेल्या माणसालाही आवडावी अशी गाडी होती. मनात एकच घोष चालला होता, थांबायला लागू नये, थांबायला लागू नये. ती दोन महिन्यांपूर्वीची जागा आली. मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

बायपासवर साठ, सत्तर, ऐंशी. काही नाही. चिठ्ठी खरी ठरतेय की काय, असं वाटून जिवात जीव आला. पंच्याऐंशीला डाव्या तळहातात गुदगुल्या झाल्यासारखं झालं. नव्वदला हँडल डुलायला लागलं. आधी बोटभर, मग वीतभर, आणि मागचे भरलेले डबे त्याला साथ देऊ लागले. ब्रेक मारला की संपलं, हे माहीत होतं. गुडघ्यांनी टाकी आवळली, मुठी सैल सोडल्या आणि थ्रॉटल केसाएवढा, केसाएवढा कमी केला. पुढे दुधाची गाडी होती. तिच्या मागचे दोन लाल दिवे जवळ येत होते. साठला हँडल शांत झालं.

या सीटमागे ती नाड्या बांधणारी मुलगी बसली असती. मामांना रडू आलं आणि हेल्मेटमध्ये पुसताही येईना.

परत येताना ते चाळीसच्या वर गेले नाहीत. फाटकापाशी दगड होता त्याच्या दोन हात अलीकडे त्यांचा धीर सुटला. पाय खाली टाकायची हिंमत होईना. गाडी रेंगाळत होती, आता कलणार.

“बाई, धरा मला,” ते म्हणाले. “माझे पाय पोचत नाहीत.”

बाईंनी हँडल धरलं, लेकीने मागून डबा धरला. दोघींनी त्यांना म्हाताऱ्या माणसाला उतरवतात तसं उतरवलं. मामांनी तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. भिंतीचं, चाकाचं, ट्रकचंही. मग खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि सीटवर ठेवून लिहिली. “नव्वदला हँडल डुलतं. भरलेल्या डब्यांनी जास्त. चालवू नये. कालची चिठ्ठी खोटी आहे.” खाली सही केली.

बाईंनी ती वाचली. त्या ओरडतील म्हणून मामा मान खाली घालून उभे होते. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “माझ्याआधी किती?”

“तीन.”

“मग फोन करा.”

वर्कशॉप आठला उघडायचं. मामांनी मालकाला घरी फोन लावला, झोपेतून उठवलं आणि आधी सगळं त्याला सांगितलं. पलीकडून आधी शिवी आली, आणि मग अर्ध्या तासाने, वर्कशॉपमध्ये जाऊन रजिस्टर उघडल्यावर, तीन नंबर आले. उद्यापासून येऊ नका, हेही त्यातच आलं. मामांनी नंबर बाईंनी आणून दिलेल्या कालच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतले.

पहिल्याची गाडी घरीच होती. दुसऱ्याच्या बायकोने सांगितलं, ते निघतच होते, थांबवते. तिसऱ्याचा फोन वाजत राहिला. मामांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. बाईंची लेक डबे उतरवायची थांबून त्यांच्याकडे बघत होती.

चौथ्यांदा फोन उचलला गेला. आधी नुसता वारा, आणि वाऱ्याखाली इंजिन. कान तयारच होता; सहावा गिअर, नव्वदच्या आसपास, मामांना लगेच कळलं.

“बोला मामा, हेल्मेटमध्ये फोन जोडलाय, ऐकू येतंय.”

“घाई करू नका,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज कापला नाही. “ब्रेक मारू नका. नुसता वेग कमी करत कडेला घ्या. मग सांगतो.”

आवाज उतरत गेला. पाचवा, चौथा, तिसरा. फोन कानाला घट्ट धरून मामा प्रत्येक गिअर मोजत होते. वारा थांबला. इंजिन बंद झालं.

“पाय टेकले?” मामांनी विचारलं.

“टेकले. काय झालं?”

मामा फाटकाजवळच्या दगडावर बसले आणि सांगू लागले.